चेक इंजिनचा दिवा लागलाच नाही

मे महिन्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीतले एक चादरवाले मालक माझ्या गॅरेजमध्ये पेट्रोल गाडी घेऊन आले. चालता चालता बंद पडते, सेल फिरतो पण इंजिन घेत नाही, अर्ध्या तासानं आपोआप चालू होते. आधीच्या गॅरेजांत बॅटरी, टाकीतला पंप आणि इंजिनचं फिरणं ओळखणारा क्रँक सेन्सर बदलून झाला होता. सेल जोरात फिरत असताना बॅटरी का बदलावी, हे मला अजून कळलेलं नाही. सेन्सरवरचा संशय मात्र रास्त होता. सोलापूरच्या ४२-४३ डिग्रीत तापला की त्याची आतली कॉइल तुटते, गार झाली की जुळते.

गॅरेजमध्ये गाडी गुण दाखवेना. गाडी नीट चालत असताना बंद पडण्याचं कारण शोधणं म्हणजे अंदाजानं सामान बदलणं. म्हणून भर दुपारी एसी लावून, स्कॅनर जोडून अक्कलकोटची वाट धरली. मालक शेजारी, पोऱ्या मागं. कुंभारी गाव ओलांडल्यावर गाडी मेली. मालकांनी दुसरी गाडी मागवायला फोन काढला.

"थांबा मालक, गरम आहे तोवर बघू द्या."

चावी फिरवली. बॅटरीचा आणि ऑइलचा दिवा लागला, सोबत लागायला हवा तो चेक इंजिनचा लागलाच नाही. स्कॅनर ब्रेकच्या एबीएसशी बोलत होता, ईसीएमशी, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरशी, नाही. म्हणजे ईसीएमलाच करंट नाही. तो झोपलेला असेल तर स्पार्क कोण देणार आणि पंप कोण चालवणार? क्रँक सेन्सर गेला असता तर ईसीएम तरी बोलला असता.

बॉनेट उघडून ईसीएमचा फ्यूज उपसला आणि त्याच्या खाचेवर मीटर लावला. १२ व्होल्ट.

"करंट हाय की अण्णा," पोऱ्या म्हणाला.

"बल्ब लाव बे."

इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावला तर तार नुसती लाल झाली. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे जळक्या जोडावरूनही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. बल्ब ओढतो, म्हणून खोटं पकडलं जातं. ईसीएमचा करंट चालू-बंद करणाऱ्या मेन रिलेच्या अलीकडे बल्ब लख्ख, पलीकडे मिणमिणता. फ्यूज परत बसवून रिले अंगठ्यानं दाबला. बल्ब पेटला, चेक इंजिनचा दिवा आला, पहिल्या सेलला इंजिन चालू.

रिले उपसून पाहिला तर एक पाय काळानिळा, सॉकेटचं प्लास्टिक भाजून तपकिरी. त्याच टर्मिनलमध्ये कुणीतरी जादा हॉर्न आणि फॉग लॅम्पची जाड वायर खुपसली होती. त्यानं टर्मिनल फाकलं, वर लोड वाढला. ढिला जोड तापायचा, तापून आणखी ढिला व्हायचा आणि गार झाला की पुन्हा टेकायचा. नुसता रिले बदलला असता तर गाडी पुढच्या महिन्यात परत आली असती. म्हणून टर्मिनल कापून नवीन वायरवर दाबून क्रिंप केलं, रिले नवीन टाकला आणि हॉर्न-फॉगला बॅटरीवरून वेगळा फ्यूज आणि वेगळा रिले दिला. टेस्टला तोच रस्ता, तीच दुपारची वेळ, एसी चालू. थेट अक्कलकोटपर्यंत जाऊन आलो.

मालकांनी बिल बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"एवढ्यातच? मग मिस्त्री, तो जुना पंप चांगलाच होता म्हणायचा?"

"चांगलाच होता."

"त्या गॅरेजवाल्यानं तर तो भंगारात घातला की वो!"