आधी इशारा

नाशिक, मंगळवार, रात्री १०.३०

रविवारी दिंडोरीला मामांच्या द्राक्षबागेत होतो. फळासाठीची गोडी छाटणी झालीय, डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या धास्तीने दिवसाआड ब्लोअर, म्हणजे फवारणीचं मशीन, चालू. मध्येच एक नोझल तुंबलं. फवारणीवाल्या दादांनी ते काढलं आणि सरळ तोंडाला लावून फुंकलं. मी ओरडेपर्यंत फुंकून झालंही होतं. "पुस्तकात लिहिलंय ना, तोंडाने फुंकू नका म्हणून!" मामा म्हणाले, "लिहिलंय रे, पण कुठं?" घरातून मशीनचं पुस्तक आणून दाखवलं. नोझल काढून साफ करा, ही चौथी पायरी. 'सावधान'ची चौकट सहाव्या पायरीच्या खाली.

पुस्तक आमच्या कंपनीचं नव्हतं. पण सोमवारी सातपूरला ऑफिसात बसून आमची मॅन्युअलं चाळली, तर तीन ठिकाणी हेच.

कारण साधं आहे. आम्ही डॉकबुकमध्ये लिहितो: मॅन्युअलांसाठीची एक्सएमएल पद्धत, मजकुराच्या प्रत्येक भागाला खूण लावायची. एडिटरमध्ये नवी स्टेप घातली की स्कीमाला, म्हणजे कशात काय यावं याच्या नियमांना, चालेल एवढाच सांगाडा मिळतो: स्टेप आणि आत एक रिकामा पॅरा. इशारा आत घालायची मुभा आहे, सक्ती नाही. लिहिणारा कृती लिहून पुढे जातो. इशारा मागाहून आठवतो आणि कर्सर असेल तिथे पडतो.

आज एडिटरच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये स्टेपची दोन टेम्प्लेट, म्हणजे तयार साचे, बसवली. एक साधं. दुसऱ्याचं नाव 'धोक्याची पायरी': आत सगळ्यात आधी वॉर्निंग, मग कृतीचा पॅरा. एकच ठेवलं असतं तर पायरीपायरीला चौकट आली असती, आणि मग कुणी एकही वाचत नाही.

दुपारचा तास मात्र एका चुकीत गेला. जुन्या मॅन्युअलमधली स्टेप उचलून टेम्प्लेटमध्ये टाकली, तिचा आयडी, म्हणजे तिची ओळखखूण, तसाच राहिला. पहिल्यांदा घातली, ठीक. दुसऱ्यांदा घातली, चुकीची लाल खूण. एका डॉक्युमेंटमध्ये तोच आयडी दोनदा चालत नाही, एक्सएमएलचा १९९८ पासूनचा नियम. आयडी काढला, एडिटर बंद करून पुन्हा उघडला, सलग पाच स्टेप घातल्या. लाल कुठेच नाही.

मग पहिली खरी पायरी लिहिली. चौकटीत: "आधी पंप बंद करा, पाइपातला दाब शून्यावर येऊ द्या. हातमोजे घाला. नोझल तोंडाने फुंकू नका." त्याखाली: "नोझल काढून मऊ ब्रशने स्वच्छ पाण्यात साफ करा."

पानाचा फोटो मामांना पाठवलाय. उद्या सकाळी फवारणीआधी दादांना वाचून दाखवतो म्हणालेत.