नादारीचा अर्ज करू का नको

तीन कार्डं, दोन पर्सनल लोन आणि एक अ‍ॅपवालं, सगळं मिळून साडेअकरा लाख, आणि दुकानाचं शटर पडून आठ महिने झाले. परवा वकिलाकडे गेलो तर तो म्हणे पुण्यात नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अजून १९२० चाच कायदा चालतो, जिल्हा कोर्टात अर्ज टाकायचा, कर्ज ५०० रुपये असलं तरी बास. हसूच आलं, ५०० चं तर मी रिचार्ज मारतो! २०१६ चा नवीन कायदा आहे पण साध्या कर्जदाराचा भाग लागूच केला नाहीये.

बायकोने एकच विचारलं, मंगळसूत्र जाणार का? नाही गं, त्याला जप्तीतून सूट आहे. तेव्हा कुठे तिने गळ्यावरचा हात काढला. पण आईला 'दिवाळं काढलं' असं कुठल्या तोंडाने सांगू, फाईल अजून फ्रिजवरच पडलीय.