यादीतली मी

थोरलीने सुट्टीची यादी फ्रिजवर लावली आहे. हिरव्या पेनाने, ठसठशीत अक्षरात. यूके स्टिकर. हेडलाइटच्या पट्ट्या. धोक्याचा त्रिकोण. चमकती जाकिटं. आणि त्यांच्याखाली, त्याच अक्षरात: आई.

बाबा नाही, धाकटा नाही. फक्त आई, आणि पुढे खूण करायला रिकामा चौकोन.

विचारलं तर म्हणाली, "अगं, तुझ्या व्हिसाचं लिहिलंय." ते मलाही कळतंय. तरी भांडी लावताना नजर पुन्हा तिथेच. जाकिटांच्या खाली मी. घरातल्या माणसांत नाही, गाडीच्या सामानात.

बोटीने जायचं ठरलं तेच मुळी मोकळेपणासाठी. आपली गाडी, हवं तेवढं सामान, इथे इंग्लंडात डोव्हरला चढायचं, दीडेक तासात फ्रान्सात कॅले. मग ब्रूज की पॅरिस ते उतरल्यावर बघू, असं हा म्हणत होता. पण फ्रान्स-बेल्जियमसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून जो एकच लागतो, त्या शेंगेन व्हिसाला 'बघू' चालत नाही. जिथे जास्त मुक्काम त्या देशाकडे अर्ज करायचा, म्हणजे आधी रात्री मोजा. मुक्कामाचे पत्ते, ३०,००० युरोंचा विमा, जाण्या-येण्याचं बुकिंग. व्हिसा हातात नसताना बुकिंग कशाच्या जोरावर करायचं, आणि बुकिंग न दाखवता व्हिसा कसा मागायचा? शेवटी "तारीख बदलता येईल असं महागातलं तिकीट काढू," हा म्हणाला. अगदी सहज म्हणाला. त्या सहजपणानेच जास्त लागलं. चिडला असता तर भांडता तरी आलं असतं.

मी भारतीय पासपोर्ट का बदलला नाही, यावर या घरात आता कोणी बोलत नाही. माझे बाबा होते तोवर... जाऊ दे.

डोव्हर मात्र सारखं डोळ्यांपुढे येतं. फ्रेंच पोलीस तिथेच, बोटीत चढायच्या आधी, पासपोर्ट तपासतात. याने खिडकीतून चारही एकदम द्यायचे. २०२० पासून नवे ब्रिटिश पासपोर्टही निळे झालेत, त्यामुळे गठ्ठ्यात माझा चटकन वेगळा दिसायचा नाही. उघडला की कळेल. विमानतळावर मी एकटी वेगळ्या रांगेत जाते, बाकीचे पलीकडे थांबतात. खोळंबा झाला तरी तो माझ्यापुरता. इथे चौघं एकाच गाडीत. माझं काही अडलं तर अख्खी गाडी वळवावी लागणार, मागच्या सीटवरच्या उशा-पुस्तकांसकट. मी, जाकिटांच्या खालची.

धाकट्याला यातलं कशाचंच काही नाही. बोटीच्या प्रवासात गाडीत बसून राहता येत नाही, वर जावं लागतं, हे कळल्यापासून त्याचा जीव गाडीत अडकलाय. ती खाली एकटी कशी राहणार म्हणे!

रात्री हेडलाइटच्या पट्ट्यांचं पाकीट फोडून माहितीपत्रक वाचत बसले. इथे डावीकडून चालवतात, म्हणून दिव्याचा झोत डाव्या कडेकडे झुकवलेला असतो. फ्रान्सात उजवीकडून चालवताना तोच झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून काचेवर नेमक्या जागी पट्टी चिकटवायची. म्हणजे गाडीनेही सीमेपलीकडे जाताना डोळे अर्धे झाकायचे आणि पाठीवर आपण कुठले ते लिहून घ्यायचं. बिचारी. तिला निदान बोटांचे ठसे तरी द्यायचे नाहीत.

ठशांवरून आठवलं. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर टप्प्याटप्प्याने नवी नोंदणी सुरू झाली आहे. युरोपियन युनियनच्या बाहेरून थोड्या दिवसांसाठी येणाऱ्यांचा फोटो आणि बोटांचे ठसे, त्यात ब्रिटिशही आले. बारा वर्षांखालच्यांना ठसे माफ. आणि शेंगेन व्हिसावाल्यांचे ठसे व्हिसाच्या वेळीच घेतलेले असतात, म्हणून या नोंदणीत ते पुन्हा साठवत नाहीत. म्हणजे आमच्या गाडीत नव्याने बोटं टेकवायची ती याने आणि थोरलीने!

जेवताना हे वाचून दाखवलं. जरा जास्तच सावकाश वाचलं असेन. थोरली म्हणाली, "हे अनफेअर आहे." हा आपल्या अंगठ्याकडे बघत बसला. याचा अंगठा स्वतःचा फोनसुद्धा ओळखत नाही, दर वेळी पिन टाकावा लागतो. बघू या, डोव्हरला रांग कोणामुळे तुंबते ते.