तुम्ही विचारलंत म्हणून: जब्बार पटेलांचे सिनेमे, वरून खाली

‘जब्बार पटेलांचा सगळ्यात चांगला सिनेमा कोणता?’ फिल्म सोसायटीच्या खुर्च्या मांडण्यात आणि उचलण्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला हा प्रश्न चुकत नाही. लग्नाच्या पंगतीत विचारतात, रेल्वेत विचारतात, आणि हल्ली मास कम्युनिकेशन शिकणारी मुलं फोन करून विचारतात. पाठोपाठ हमखास येतं, ‘मग सगळ्यात फिका कोणता?’ विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. निम्म्यांना ‘सिंहासन’ ऐकायचं असतं, उरलेल्यांना ‘जैत रे जैत’. मी दोघांनाही नाराज करतो. माझा क्रम असा: सामना, उंबरठा, सिंहासन, जैत रे जैत, एक होता विदूषक, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, मुक्ता आणि तळाला यशवंतराव चव्हाण. हिंदीतला ‘मुसाफिर’ आणि माहितीपट यात धरलेले नाहीत. कुमार गंधर्वांवरचा ‘हंस अकेला’ मला फार आवडतो, पण त्याला या रांगेत कोंबण्यात अर्थ नाही. ‘घाशीराम कोतवाल’ कुठे बसतो, असंही कुणीतरी विचारतंच. ते पटेलांनी बसवलेलं नाटक आहे हो. पण त्याचा विषय पुढे काढावाच लागेल.

क्रम लावताना माझी कसोटी एकच आहे. पटेलांना ज्या माणसाबद्दल संशय असतो, त्याचा सिनेमा ते अप्रतिम करतात. ज्याच्याबद्दल आदर असतो, तिथे त्यांचा कॅमेरा चपला काढून उभा राहतो.

‘सामना’ हा त्यांचा पहिलाच सिनेमा, ही गोष्ट आजही पटत नाही. पटकथा विजय तेंडुलकरांची, निर्माते रामदास फुटाणे, आणि 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेसाठी गेलेली ही मराठी फिल्म. गोष्ट म्हटली तर दोन ओळींची. स्वातंत्र्याच्या चळवळीतला, आता दारूत बुडालेला एक मास्तर साखर कारखान्याच्या गावात येऊन पडतो. गावाचा धनी हिंदुराव धोंडे पाटील त्याला उचलून घरी आणतो, खाऊपिऊ घालतो. मग मास्तरच्या कानावर एक नाव येतं आणि तो विचारायला लागतो, ‘मारुती कांबळेचं काय झालं?’

हे वाक्य इतकं गाजलं की आता ते सभांतून, अग्रलेखांतून फिरतं. पण सिनेमात ते कसं येतं ते पाहा. श्रीराम लागू ते गर्जून विचारत नाहीत. सवयीनं विचारल्यासारखं विचारतात, समोरच्याला, मग दुसऱ्याला, मग हवेला. पिणाऱ्या माणसाची एकच गोष्ट धरून बसण्याची खोड असते ना, तीच इथे सत्याग्रहाचं काम करते. आणि समोर निळू फुले. कपाळावर आठी नाही, आवाज चढलेला नाही. पाहुणचार करता करता ते मास्तरला जोखत असतात. या माणसानं खून पचवलाय हे आपल्याला कळत जातं, आणि कारखाना यानंच उभा केला, गावाला चार पैसे यानंच दिसू दिले, हेही नाकारता येत नाही. पटेलांचा संशय इथे दोन्हीकडे चालतो. मास्तरसुद्धा त्यातून सुटत नाही. ज्याच्या विरोधात प्रश्न विचारायचा, त्याच्याच घरची पिणारा हा माणूस आहे. म्हणून शेवटी हिंदुराव अडकतो तेव्हा मास्तरच्या चेहऱ्यावर विजय शोधून सापडत नाही. आरती प्रभूंचं ‘कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे’ तिथे जे करतं, ते दहा संवादांनी झालं नसतं.

आता चार वर्षं पुढे या. 1979, ‘सिंहासन’. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या एकत्र करून पटकथा पुन्हा तेंडुलकरांची. हे फारसं कुणी बोलत नाही, म्हणून मी दर वेळी सांगतो: ‘सामना’त सत्ता निळूभाऊंकडे होती आणि प्रश्न डॉक्टर लागूंकडे. ‘सिंहासन’मध्ये पटेलांनी पाट बदलले. लागू झाले अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, खुर्चीवर डोळा ठेवून बसलेले, आणि निळूभाऊ झाले पत्रकार दिगू टिपणीस. ज्या माणसाला पडद्यावर पाहिलं की बायाबापड्या बोटं मोडायच्या, त्याच्या हातात वही-पेन्सिल दिली. कोल्हापूरच्या अरुण सरनाईकांना, गाणी म्हणणाऱ्या देखण्या नायकाला, मुख्यमंत्री केलं. हसरा, गोड, आणि आत सगळी गणितं मांडून बसलेला मुख्यमंत्री. निवडणुकीच्या दिवसांत टीव्हीवर कुणाचंही हसू पाहिलं की मला सरनाईक आठवतात.

शरद पवार मुख्यमंत्री होते, त्यांनी खऱ्या मंत्रालयात चित्रीकरणाला परवानगी दिली. सरकारं पाडण्याचा सिनेमा, सरकारच्याच कॉरिडॉरमध्ये! आज अशी परवानगी मागून बघा. त्या वास्तूनं सिनेमाला जे वजन दिलं ते सेट लावून आलं नसतं.

मग हा तिसरा का? कारण इथे संशय सरसकट आहे. पहिल्या अर्ध्या तासातच कळतं की एकूण एक माणूस पोखरलेला आहे. पुढे धक्का बसत नाही, नुसतं गणित सुटत जातं. स्मगलरचा धागा, कामगार पुढारी डिकास्टाचा धागा, दुष्काळ, सगळं आहे, आणि काही धागे नुसते हजेरी लावून जातात. शेवटी दिगू रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो. तो प्रसंग थोर आहे, वादच नाही. पण मास्तर ज्या माणसाला प्रश्न विचारतो त्या माणसावर आपला जीव जडलेला असतो. दिगूच्या बाबतीत तसं कुणीच समोर नाही.

‘उंबरठा’ दुसरा लावतो तेव्हा भुवया उंचावतात. 1982 चा सिनेमा, शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून, लेखणी पुन्हा तेंडुलकरांची. याला ‘स्त्रीमुक्तीचा सिनेमा’ म्हणून कपाटात ठेवून देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पुन्हा काढून बघा. सुलभा महाजन सुखवस्तू घरातली, नवरा वकील, सासूबाई स्वतः समाजकार्यातल्या. म्हणजे घरात समाजकार्याला कुणाची ना नाही, फक्त ते जेवणवेळेपर्यंत आटपायला हवं. सुलभा लहान मुलीला जावेकडे सोडून परगावच्या महिलाश्रमाची अधीक्षिका म्हणून जाते. पटेल तिची बाजू घेतात असं आपल्याला वाटत राहतं आणि तेवढ्यात ते तिच्याकडेही त्याच डोळ्यांनी बघतात. ती शिस्तीची आहे, थोडी कडक आहे, आश्रमातल्या बायकांना कायम समजून घेतेच असं नाही. दोन मुलींचं एकमेकींवर प्रेम असल्याचं उघड होतं तेव्हा कमिटीला ते दडपायचं असतं. सुलभाला तो इलाजाचा विषय वाटतो. त्या काळच्या सुशिक्षित बाईला जितकं दिसू शकलं असतं तितकंच तिला दिसतं, आणि सिनेमा तिला शहाणं करून दाखवत नाही. 1982 मध्ये मराठी पडद्यावर हे दाखवणं हीच मोठी गोष्ट होती, नायिकेला त्यात अपुरं पडू देणं ही त्याहून मोठी.

शेवटी ती घरी परतते तो भाग कितीही वेळा पाहिला तरी मला तसाच भिडतो. कुणी भांडत नाही. घर तिच्याशिवाय नीट चालायला लागलंय, पोरगी परकी झालीय, आणि गिरीश कर्नाडांचा सुभाष आपल्या आयुष्यात दुसरी बाई असल्याचं कबूल करतो. खलनायक म्हणून नाही, समंजस नवऱ्याच्या सुरात. स्मिता पाटील त्यावर काय करते? जवळजवळ काहीच नाही. चेहऱ्यावरचा एक एक स्नायू थांबत जातो एवढंच दिसतं. या माणसाशी बोलायचं ते बोलून संपलं, हे तिला आपल्या आधी कळलेलं असतं. या सिनेमाची गाणी लोकांना तोंडपाठ आहेत, सुरेश भटांचं ‘सुन्या सुन्या मैफलीत माझ्या’ तर घरोघरी. पण गाण्यांखाली हा प्रसंग झाकला गेला याचं मला वाईट वाटतं.

‘जैत रे जैत’ चौथा म्हटलं की भांडण ठरलेलं. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, 1977. पनवेलच्या पुढे महामार्गावरून कर्नाळ्याचा सुळका दिसला की गाडीतलं कुणीतरी ‘लिंगोबाचा डोंगर’ गुणगुणतंच, मीही त्यातलाच. ठाकर आदिवासींचा नाग्या, राणीमाशीनं त्याचा डोळा घेतलेला, त्या सूडापायी कड्यावरची मधमाश्यांची पोळी उतरवायला निघालेला, आणि नवऱ्याला सोडून त्याच्यामागे उभी राहिलेली चिंधी. मोहन आगाशे आणि स्मिता. आगाशे ‘सामना’त मारुती कांबळे होते, इथे नाग्या, आणि त्याआधी रंगमंचावर ‘घाशीराम’मधले नाना फडणवीस. एकाच नटाकडून तीन जगं उभी करून घेणं ही दिग्दर्शकाची नजर.

इथेच ‘घाशीराम’ आठवतो. 1972 च्या त्या नाटकात पटेलांनी माणसांचीच भिंत उभी केली, ती गाते, डुलते, फुटते, पुन्हा जुळते. ‘जैत रे जैत’ त्याच हातानं बांधलाय. समूह गातो आणि गोष्ट पुढे सरकते. भान हरपतं, खरंच हरपतं. पण संशयाला इथे जागा नाही. वाडी सुंदर, माणसं निर्मळ, दुःखसुद्धा लयीत. नाग्याच्या हट्टाची किंमत चिंधीनं का मोजायची, हा प्रश्न ‘सामना’च्या मास्तरनं विचारला असता. हा सिनेमा ढोल वाजवून पुढे जातो. गाणी बाजूला काढून उरतं काय ते बघा, मग माझ्याशी भांडा. (गाणी बाजूला का काढायची, असं एका मैत्रिणीनं मला सुनावलंय. मुद्दा तिचाही बरोबर आहे. क्रम माझा आहे.)

‘एक होता विदूषक’ पाचवा, आणि त्याच्यावर माझा जरा जास्तच जीव आहे. 1992 मध्ये लक्ष्मीकांत बेर्डे नुसते पडद्यावर आले तरी थिएटर हसायचं. त्या माणसाला घेऊन सोंगाड्याची शोकांतिका करायची, आणि लिहायला पु. ल. देशपांडे, ज्यांनी ‘गुळाचा गणपती’नंतर सिनेमाला बरीच वर्षं हात लावला नव्हता. पहिला अर्धा भाग, तमाशाचा फड, मधू कांबीकर, महानोर आणि आनंद मोडक यांच्या लावण्या, सगळं अस्सल. नृत्यांसाठी लक्ष्मीबाई कोल्हापूरकरांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो उगीच नाही. बेर्डेंचा आबुराव सिनेमात जातो, मग राजकारण त्याला गिळायला बघतं, तिथून पसारा वाढतो, आणि त्याच्या न हसणाऱ्या मुलीपाशी येईपर्यंत सिनेमा हळवा होऊन बसतो. लोकांना बेर्डेंकडून हसायचं होतं, ते फिरकले नाहीत. बेर्डेंनी काय कमावलं असतं याचा विचार केला की चुटपुट लागते.

आंबेडकरांवरच्या सिनेमाला सहावा म्हटलं की मला आधी खुलासा द्यावा लागतो. त्याचं महत्त्व मी मोजत नाही, ते मोजणारा मी कोण. मामुट्टींनी बाबासाहेबांचं चालणं, थांबणं, चश्म्याआडून रोखून बघणं ज्या मेहनतीनं उभं केलं त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, योग्यच मिळाला. कोलंबिया, बडोदा, महाड, येरवडा, नागपूर, सगळं क्रमानं येतं. पण पटेल हात जोडून उभे आहेत. अपवाद एकच, गांधी आणि आंबेडकर समोरासमोर येतात तेव्हा. मोहन गोखल्यांचा गांधी चतुर आहे, मिठ्ठास आहे, थोडा अवघडही आहे. खोलीत दोन माणसं, दोघांनाही एकमेकांबद्दल खात्री नाही. तेवढ्यापुरता ‘सामना’चा दिग्दर्शक परत येतो.

‘मुक्ता’बद्दल थोडक्यात. सोनाली कुलकर्णी छान, अमेरिकेतून आलेली मुलगी, दलित कार्यकर्ता कवी, तिचा कृष्णवर्णीय मित्र, जात आणि वर्ण एका वाक्यात मांडायची धडपड. राष्ट्रीय एकात्मतेचा नर्गिस दत्त पुरस्कार मिळाला. सगळे योग्य तेच बोलतात, आणि सिनेमात ती अडचण असते.

आणि तळाला ‘यशवंतराव चव्हाण’, 2014. याचं मला सगळ्यात नवल वाटतं. महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री, बेरजेच्या राजकारणाचा धनी, 1962 मध्ये संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेलेला, तिथे कधी वर कधी खाली झालेला, साहित्यावर प्रेम करणारा आणि माणसं अचूक ओळखणारा. ‘सिंहासन’च्या दिग्दर्शकाला याहून चांगलं गिऱ्हाईक कोण मिळणार होतं? सरनाईकांच्या त्या हसऱ्या मुख्यमंत्र्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिचा चौथा हिस्सा इथे वापरला असता तरी चाललं असतं. त्याऐवजी प्रसंगांमागून प्रसंग हार घालून जातात.

राहिला मुलांचा नेहमीचा पुढचा प्रश्न: सुरुवात कुठून करायची? माझ्या क्रमानं मुळीच बघू नका. आधी ‘सिंहासन’ बघा, तो लगेच पकड घेतो. लगोलग, जमल्यास त्याच आठवड्यात, ‘सामना’ लावा आणि लागू-फुले यांच्यावर नजर ठेवा. ‘जैत रे जैत’ मोठ्या पडद्यावर आणि बऱ्या स्पीकरवर, मोबाइलवर नको. ‘उंबरठा’ घरातल्या मोठ्या बाईबरोबर बसून बघा, आई असो की आजी, आणि शेवटी सुलभानं बरोबर केलं का हे आधी तिला बोलू द्या.