कापूरबावडीच्या सिग्नलला अडकलेलं रक्त

दुपारी सिझर झालं, बाळ खणखणीत रडलं, सगळ्यांनी हुश्श केलं. पाचच मिनिटांत सर्जन मॅडम म्हणाल्या, "गर्भाशय आवळत नाहीये."

मी भूलतज्ज्ञ, पेशंटच्या उशाशी. सक्शनच्या बाटलीत रक्त १ लिटरच्या खुणेपुढे गेलं होतं. गर्भाशय आवळायला लावणारं ऑक्सिटोसिन चालूच होतं; ते आवळलं नाही तर रक्त थांबत नाही. दुसऱ्या हाताला १६ नंबरची जाड सुई लावली, रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्झामिक ॲसिड १ ग्रॅम सुरू केलं, १० मिनिटांत हळूहळू. बाळंतपणानंतर ३ तासांच्या आतच त्याचा उपयोग, आणि जितकं लवकर तितकं बरं. सलाईन कोमट करून दिलं, कारण अंग गार पडलं की रक्त नीट गोठत नाही. मॅडम दोन्ही हातांनी गर्भाशय चोळत होत्या.

रक्ताच्या पिशव्या घेऊन निघालेला मुलगा ठाण्यातल्या कापूरबावडीला ट्रॅफिकमध्ये. आणि ती जागी, कमरेखालचीच भूल. "डॉक्टर, गरगरतंय." तिचा तळवा गार, घामेजलेला. मी तो सोडला नाही. "ताई, माझ्याशी बोलत राहा." ओठ पांढरे पडलेले, तरी तिने विचारलं, "बाळ कुणावर गेलंय?"

मला खरंच दिसलं नव्हतं. म्हटलं, "तुमच्यावरच."

पिशव्या आल्या, गर्भाशय आवळलं, बाटलीतली पातळी थांबली.

घरी तारीख जवळ आलेली कुणी असेल तर हिमोग्लोबिन आजच बघा. दोन रक्तदाते आधीच सांगून ठेवा, हात जोडून सांगतो.

आत्ता रात्री बघून आलो. बीपी ११०/७०. बाळाची हनुवटी अगदी तिचीच आहे.