बाथरूमच्या गळतीपायी घरावर कर्ज

खालच्या काकूंनी तिसऱ्यांदा बेल वाजवली तेव्हाच कळलं, आता एम-सीलवर भागणार नाही. त्यांच्या बेडरूमच्या छतावर आमच्या बाथरूमचा नकाशा उमटला होता. कर्वेनगरमधला आमचा फ्लॅट रिसेलचा, 2020 च्या डिसेंबरात घेतलेला, स्टँप ड्युटी कमी केली होती ना तेव्हा, रजिस्ट्रेशनला जी काय झुंबड होती ती बघून वाटलं अख्खं पुणं घर घेतंय. तर कॉन्ट्रॅक्टर आला, दोन फरशा ठोकून बघितल्या, म्हणाला पाइपलाइन पूर्ण गेलीये. मग बाथरूम करतोच आहोत तर किचनही, किचन करतोय तर वायरिंगही, असं करत आकडा 12 लाखांवर गेला.

पर्सनल लोनचा रेट ऐकून फोन ठेवला. म्हणलं घर आहे ना, त्याच्यावरच काढू.

आधी एका दुसऱ्या बँकेत मॉर्गेज लोनची चौकशी केली. तिथला मुलगा उत्साहाने सांगत होता आणि मग विचारतो, ओरिजिनल पेपर्स कुठायत? अरे, होमलोन चालू आहे, कागद त्या बँकेकडेच असणार की! मग म्हणे अख्खं लोनच आमच्याकडे ट्रान्सफर करा, वर जादा पैसे देतो. म्हणजे परत प्रोसेसिंग फी, परत व्हॅल्युएशन, लीगलवाल्याचा सर्च, स्टँप ड्युटी, सगळं पहिल्यापासून. रेटमध्ये पाव-अर्धा टक्का वाचवायला एवढा खटाटोप मला तरी झेपणारा नव्हता.

नऱ्हेला वर्कशॉप असलेला मित्र म्हणाला ओडी, म्हणजे ओव्हरड्राफ्ट घे, मी तेच वापरतो. घर तारण ठेवून लिमिट मिळतं, उचलाल तेवढ्यावरच व्याज, पैसे आले की भरून टाका. त्याच्याकडचं लिमिट दर महिन्याला थोडं थोडं खाली येतं, संपेपर्यंत. त्याला ते बरोबर बसतं, माल आज घ्यायचा, पार्टीचं पेमेंट दोन महिन्यांनी. कॉन्ट्रॅक्टरही टप्प्याटप्प्यानेच पैसे मागतो त्यामुळे मलाही पटलं होतं, पण बायको म्हणाली, "तुझ्या हातात ओडी म्हणजे बाथरूमबरोबर बाइक पण येईल." यावर काय बोलणार.

मध्येच मेव्हण्याने आणखी एक फाटा फोडला, की बाबांच्या सहकारनगरच्या फ्लॅटवर रिव्हर्स मॉर्गेज करा, वय साठच्या वर लागतं ते आहेच. त्यात बँक घर तारण ठेवून ज्येष्ठांना पैसे देते, हयातीत हप्ता नाही, मागाहून मुलांनी रक्कम आणि व्याज फेडून घर सोडवायचं नाहीतर बँक विकते. बाबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे घर बँकेला आणि तुम्हाला नुसतं तेरावं?" विषय तिथेच संपला.

राहिला टॉप-अप, म्हणजे चालू होमलोनवरच वाढवून मिळणारं कर्ज, आपल्याच बँकेचं. कागद त्यांच्याकडे, हप्त्यांचा रेकॉर्ड त्यांच्याकडे, वाढीव रकमेवरची स्टँप ड्युटी लागते तेवढी लागते. खरी गंमत पुढे आहे. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्मच्या मागे पेनने लिहून दिलं, 12 लाख, 9 टक्के, हप्ता 12,171. अरे वा, एवढाच? तर मुदत 15 वर्षं धरली होती, होमलोनची उरलीये तेवढीच. घरी येऊन हिशेब केला, व्याजच 9 लाख 91 हजार! तेच मॉर्गेज लोन साडेदहा टक्क्यांनी पण 5 वर्षांत फेडलं तर व्याज साधारण 3 लाख 48 हजार. म्हणजे आठवडाभर मी रेटवर डोकं फोडत होतो आणि पैसा जात होता मुदतीत.

मी म्हणलं 15 वर्षांचंच घेऊ, फ्लोटिंगला, म्हणजे बदलत्या रेटच्या लोनला, प्रीपेमेंटचा चार्ज नसतो, जमेल तसं भरत जाऊ. बायकोने विचारलं, गेल्या बोनसचं काय झालं? (गोवा.) आणि तसंही मुदत लांबली की काय होतं ते आम्ही पाहिलंय, 2022 च्या मेपासून रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या रेटने पैसे देते तो) 4 टक्क्यांवरून साडेसहापर्यंत गेला तेव्हा हप्ता तोच राहिला आणि वर्षं गुपचूप वाढली, मला स्टेटमेंट बघून कळलं. नंतर रेपो उतरला तेव्हा मात्र मी हप्ता कमी करून न घेता वर्षं कमी करून घेतली, तेवढी अक्कल आली होती.

बाई म्हणाल्या सिस्टीममध्ये 15 च येतंय. म्हणलं सात करून बघा. झालं. हप्ता 19,307, व्याज सव्वाचार लाखांच्या आत. 5 वर्षांचा हप्ता 24,910 होता, होमलोनच्या हप्त्यावर तो चढवला तर महिनाअखेर फार चणचण झाली असती. सह्या करताना गठ्ठ्यात एक इन्शुरन्सचा फॉर्मही सरकवला होता, प्रीमियम लोनमध्येच जोडून. कंपल्सरी आहे का विचारल्यावर बाई नुसत्या हसल्या, मी तो कागद बाजूला काढला.

मंगळवारी तोडफोड सुरू होतेय. काकूंना सांगायला गेलो, धूळ खूप होईल हां दोन आठवडे. म्हणाल्या, धूळ चालेल रे, पाणी नको.