सारखे कोपरे, असमान शेजार

स्ट्रॅटेजी गेमचे नकाशे आखणाऱ्याला एक तक्रार सतत ऐकायला मिळते: "जागाच वाईट मिळाली, म्हणून हरलो." बहुतेक वेळा हरण्याचं कारण दुसरंच असतं. त्या दिवशी हीच तक्रार आमच्या सगळ्यात मुरलेल्या टेस्टरने आणली, आणि तीही अशा नकाशाबद्दल, ज्याच्यावर कोणी बोट ठेवील असं वाटत नव्हतं. एक कोपरा आखायचा, तो नव्वद अंशांत फिरवून पुढच्या कोपऱ्यात बसवायचा, असे चारही कोपरे भरलेले. झाडं, चढ, सोन्याच्या खाणी, सगळं चौकटीला चौकट जुळणारं. दुसऱ्या दिवशी हा नकाशा रँक्ड सामन्यांत, म्हणजे ज्यांच्या निकालावर खेळाडूची क्रमवारी ठरते त्या सामन्यांत, जाणार होता.

"घड्याळाच्या दिशेने पुढच्या कोपऱ्यात शत्रू आला की मला खेळच सुचत नाही," ती म्हणाली. "मागच्या कोपऱ्यात आला तर काही वाटत नाही."

आम्ही आकडे उघडले. सामना दोघांचा, जागा चार, कुठली मिळेल ते गेम ठरवतो. कोपऱ्यागणिक जिंकण्याचं प्रमाण काढलं तर चारही कोपरे पन्नास टक्क्यांना चिकटलेले. शंभर सामन्यांत ५५–४५ असा फरक नुसत्या योगायोगानेही सहज पडतो; इथे तेवढाही नव्हता. खोलीतल्या बाकीच्यांच्या दृष्टीने विषय संपला होता. मला मात्र तिच्या वाक्यातलं 'पुढच्या' आणि 'मागच्या' सोडवेना. ती कोपऱ्याबद्दल बोलतच नव्हती, शेजाराबद्दल बोलत होती. मी तिला म्हटलं, "तू हरलेला एक सामना लाव, सोबत बसून बघू."

रीप्लेमध्ये, म्हणजे सामन्याच्या साठवलेल्या नोंदीत, ती वरच्या डाव्या कोपऱ्यात होती, प्रतिस्पर्धी वरच्या उजव्या. आमच्या नकाशात पहिली खाण बेसच्या, म्हणजे खेळाडूच्या तळाच्या, आत असते, दुसरी चढ उतरल्यावर घड्याळाच्या दिशेला, तिसरी त्याच दिशेला आणखी पुढे. म्हणजे तिची दुसरी खाण शत्रूकडे सरकलेली, तिसरी जवळजवळ त्याच्या दारात. त्याच्या खाणी मात्र उजव्या कडेने खाली, तिच्यापासून लांब जाणाऱ्या. तिने तिसऱ्या खाणीवर कामगार पाठवले तेव्हा त्याची फौज काही सेकंदांत तिथे पोहोचली आणि त्याची कुमक बेसमधून निघून थेट तिथेच येत राहिली. तिला त्याच्या तिसऱ्या खाणीवर जायचं तर त्याच्या अख्ख्या बेसला वळसा घालावा लागत होता. तो जितका वाढत होता तितका सुरक्षित होत होता, आणि ती जितकी वाढत होती तितकी उघडी पडत होती. खेळात तिची एकही चाल चुकलेली दिसली नाही.

मग तक्त्यात हे का दिसलं नाही? कारण प्रत्येक कोपरा कधी पुढे असतो, कधी मागे. एका सामन्यात वरचा डावा कोपरा या शेजाराचा मार खातो, दुसऱ्यात त्याच शेजाराचा फायदा घेतो. जागा सोडतीने मिळत असल्यामुळे दोन्ही सारख्याच वेळा घडतं आणि बेरीज पन्नासावर येते. सामने आम्ही पुन्हा लावले, या वेळी कोपऱ्यानुसार न लावता शत्रू पुढे, मागे की समोर, म्हणजे तिरप्या कोपऱ्यात, यानुसार. समोरासमोरचे सामने बरोबरीचे निघाले. शेजारच्या सामन्यांत मागचा खेळाडू, म्हणजे ज्याच्या खाणी शत्रूकडे सरकत होत्या तो, ठळकपणे जास्त वेळा हरत होता, आणि तेही चारही कडांवर. खोली एकदम शांत झाली. ती टेस्टर आकड्यांआधी तिथे पोहोचली होती, हे मी सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं, कारण ते सांगायलाच हवं होतं.

यातलं गणित सुंदर आहे. दोन खेळाडूंना न्याय मिळायचा तर एकाला दुसऱ्याच्या जागी नेणं पुरत नाही. त्याच हालचालीत दुसराही पहिल्याच्या जागी यायला हवा. नव्वद अंशांत फिरवलं तर डावा वरचा कोपरा उजव्या वरच्यावर जातो, पण उजवा वरचा उजव्या खालच्यावर निघून जातो. अदलाबदल होतच नाही. एकशे ऐंशी अंशांत समोरासमोरचे दोघे नेमके एकमेकांच्या जागी येतात, म्हणून तिथे तक्रार नव्हती. आरशासारखा दुमडलेला नकाशा शेजाऱ्यांचीही अदलाबदल करतो.

जागेच्या नशिबाचा हा प्रश्न आमच्या धंद्याइतकाच जुना आहे. १९९८च्या 'स्टारक्राफ्ट'मधला 'लॉस्ट टेंपल' हा नकाशा तुफान खेळला गेला, तरी कुठली जागा मिळाली यावरून तिथे फरक पडायचा. 'एज ऑफ एम्पायर्स २' दर वेळी नवा नकाशा बनवतो आणि प्रत्येकाला सोनं-दगड तेवढेच देतो. पण ते सोनं बेसमागे सुरक्षित आलं की शत्रूच्या तोंडावर, यात नशीब उरतंच. तिथे तो खेळाचाच भाग आहे. आम्ही मात्र सममितीचा शब्द दिला होता, आणि खेळाडू त्या शब्दावर आपली रँक लावतो.

दुरुस्तीवर वाद झाला. शेजारच्या जागाच बंद करा, हा सोपा उपाय होता. पण मग शत्रू कुठे आहे हे पहिल्या सेकंदालाच कळणार, आणि सुरुवातीला टेहळणी पाठवण्यातली सगळी मजा जाणार. प्रत्येक बेसला उलट दिशेनेही एक तिसरी खाण देऊन पाहिली. फरक कमी झाला, गेला नाही, कारण दुसरी खाण अजून एकाच अंगाला होती. शेवटी नकाशा उभा आणि आडवा असा दोन्हीकडून दुमडला. आता वरच्या शेजाऱ्यांच्या खाणी एकमेकांसमोर येतात आणि तिथे लवकर चकमक उडते; बाजूच्या शेजाऱ्यांच्या खाणी लांब राहतात आणि सामना रेंगाळतो. दोन प्रकारचे सामने, पण प्रत्येकात दोघांना तेच मिळतं. मला ही विविधता आवडली.

फिरवलेला नकाशा टाकला नाही. चौघे स्वतंत्र खेळतात तेव्हा प्रत्येकाला एक शेजारी पुढे आणि एक मागे असतोच, त्यामुळे तिथे तो चोख बसतो. दोघांच्या सामन्यांसाठीचा नकाशा मी दुसऱ्या दिवशी जाऊ दिला नाही, आणि सगळ्यांनी ते मान्य केलं. आरशाच्या नकाशात आता एक नवं काम आहे: आमच्या गेममध्ये नवा कामगार इमारतीच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातूनच बाहेर पडतो, नकाशा दुमडला तरी. ज्याची खाण उजवीकडे आहे त्याच्या प्रत्येक कामगाराला इमारतीला वळसा पडतो. बाहेर पडण्याची बाजू खाणीच्या दिशेवरून ठरावी, असं प्रोग्रामरला सांगितलंय, आणि ते होईपर्यंत नकाशा रँक्डमध्ये जाणार नाही.